कारणाचा रकाना

वलवण, लोणावळा
शुक्रवार, २० जून २०२५

आदरणीय उस्तादजी,
अस्सलामु अलैकुम.

आवाज गेल्यापासून तुम्ही फोन घेत नाही, आणि 'गळ्याला भोक आहे, ते बघायला येऊ नकोस' असा निरोप शमीमताईंकडून दोनदा आला, म्हणून पत्र लिहितो. तुंगला पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो असे कळले. उत्तराला उशीर झाला तरी मी समजून घेईन.

गॅरेज माझ्यावर सोपवून तुम्हाला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी गॅस भरणे, पट्टा बदलणे, फिल्टर धुणे एवढीच कामे घेतली. मोठे काम आले की 'उस्ताद आल्यावर बघू' म्हणून परत पाठवत होतो. तुम्ही परत येणार नाही हे मला माहीत आहे, पण गिऱ्हाइकाला तसे सांगत नाही.

सोमवारी मात्र एक गाडी परत पाठवता आली नाही. कार्ल्याचे अंबाजी हुलावळे, वय सत्तरच्या पुढे. १९९१ ची कॉन्टेसा, मोतिया रंग. एसी मूळचा नाही, मागून बसवलेला आहे. २००६ साली कॉम्प्रेसरचा क्लच जळला, तेव्हा कोणीतरी पट्टा काढून टाकला. तेव्हापासून एसी बंद, पण पाइप कोणी उघडलेले नाहीत.

मी विचारले, "आबा, पाऊस सुरू झाला. आता एसी कशाला?"

ते म्हणाले, "तेच समदी इचारत्यात. आरं, पावसात काचा लावाव्या लागत्यात. काचा लावल्या की आतून धुरकाटत्यात, मला रस्ता दिसत न्हाई, आन् मागं ही गुदमरती."

'ही' म्हणजे नंदाबाई मावशी. त्यांना आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिसला न्यावे लागते. उजव्या गुडघ्यात सळई आहे, पाय वाकत नाही. कॉन्टेसाच्या मागच्या सीटवर त्या पाय लांब करून आडव्या होऊ शकतात. नव्या गाड्यांत ते जमत नाही. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझं निमित्त रं. त्यांना गाडी जिती करायचीय." पण बोलताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

मी काम घेतले. तुमच्याशिवाय हे माझे पहिले मोठे काम आहे. भीती वाटते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे वहीत तीन रकाने आखले आहेत: काय, कसे, का. पहिल्या दोन रकान्यांत बरेच लिहून झाले. तिसऱ्यासाठी तुमची मदत लागेल.

आबांनी ही गाडी २००५ साली भुशीच्या रस्त्यावरच्या एका बंगलेवाल्याकडून घेतली. गॅस त्याच्या आधीचा आहे. कोणी भरला ते त्यांना माहीत नाही.

तुमचा शिष्य,
अयान


तुंग, पवन मावळ
गुरुवार, २६ जून

बेटा अयान,
वालेकुम अस्सलाम.

पत्र मिळाले. अक्षर चांगले आहे. नववीत शाळा सोडलेल्या पोराचे वाटत नाही.

मी बरा आहे असे लिहीत नाही, तुला खरे वाटणार नाही. फिरोज तंबूवाल्यांचे फ्रिज दुरुस्त करायला धरणावर जातो, शमीम घरात असते, मी पाटीवर लिहून पाणी मागतो. ज्या जावयाला मी गॅरेजातून हाकलले, त्याच्या घरात बसून त्याच्या हातचे पाणी पितो.

आता काम. जुन्या गॅससाठीचे तेल नव्या गॅसला चालत नाही. घट्ट होते, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून सगळे पाइप धुवायचे. रबरी वायसर सगळे बदल, कारण जुने रबर नव्या तेलात फुगते. ओल शोषणारा ड्रायर नवा टाक. जुना ड्रायर इतक्या वर्षांत जे दिसले ते पिऊन बसलेला असतो. आणि सगळ्यात पहिले, जे मी तुला पहिल्या दिवशी सांगितले ते: पाण्याचा एक थेंब आत गेला की एसी मेला. पावसाळ्यात उघडलेल्या पाइपाची तोंडे अर्धा मिनिटसुद्धा मोकळी ठेवू नको.

गडबड करू नकोस. दोन गोष्टी बघून कळव. व्हॉल्व्हच्या टोपीखाली काय दिसते? आणि आबांना विचार, त्या बंगल्याच्या फाटकावर दगडी हत्ती होते का.

फकरुद्दीन


वलवण
सोमवार, ३० जून

आदरणीय उस्तादजी,
अस्सलामु अलैकुम.

हत्ती होते. आबा म्हणाले, "दोन व्हते, एकाची सोंड मोडल्याली. तुज्या उस्तादाला कसं ठावं?"

मलाही तेव्हा कळले नाही. मग टोपी काढली. आत आट्यांवर पांढरा शिवणाचा दोरा, तीन वेढे, गाठ डावीकडे. तसा दोरा लोणावळ्यात एकच माणूस गुंडाळतो, आणि त्याने तो मला शिकवला. उस्तादजी, हे काम तुमचे आहे ना? पाइपाचा तांब्याचा जोडही तुमच्याच हातचा वाटतो. गेज लावला तर साठ पौंड दाब दाखवला. वीस वर्षांनंतरही गॅस शाबूत! मी दोनदा गेज बदलून पाहिला.

मला किती धीर आला ते लिहिता येत नाही. खरे सांगतो, मनात धास्ती होती. जुन्या गाड्यांत कोणी स्वयंपाकाचा गॅस भरून ठेवलेला असतो, हे तुम्हीच सांगितले आहे. पेटला तर माणूस जातो. त्यासाठी काय काय तपासायचे याची मी अर्धे पान यादी केली होती. ती खोडली. ज्या माणसाने चुलीचा गॅस भरला म्हणून स्वतःच्या जावयाला दुकानाबाहेर काढले, त्याच्या हातचे काम आहे हे. तरीसुद्धा टोपीपाशी वास घेऊन पाहिला. कसलाच वास नाही.

कंडेन्सर नवा आणला आहे, कॉम्प्रेसर पुण्याहून आला आहे. कंडेन्सर खालून धरणारी गाडीची पट्टी गंजून तुटली आहे, ती शेजारच्या कैलासकडून वेल्डिंग करून घ्यावी लागेल. कैलास मला मास्तर म्हणतो, तुम्हाला माहीत आहेच. रोज दारातून डोके घालून विचारतो, "काय मास्तर, आज वही काय म्हणती?" आज म्हणाला, "पावसात एशी दुरुस्त करतुयास, उन्हाळ्यात शेगडी कर."

आता फक्त जुना गॅस सोडायचा आहे. तुम्ही सांगाल तसे करीन.

तुमचा शिष्य,
अयान


तुंग
सोमवार, ७ जुलै

बेटा अयान,

दोरा माझाच. काम माझेच. २००४ चा उन्हाळा होता. फार आठवत नाही.

गॅस सोडताना गाडी उघड्यावर घे. उतारावर उभी कर. गॅरेजातल्या खड्ड्यावर घेऊ नकोस. सोडताना जवळ विस्तव नको. घाई नको.

थोडक्यात लिहिले, समजून घे.

फकरुद्दीन


वलवण
रविवार, १३ जुलै

आदरणीय उस्तादजी,
अस्सलामु अलैकुम.

तुमचे पत्र गुरुवारी तीन वाजताच्या टपालाने मिळाले. मी ते चार वेळा वाचले. विस्तवाचे कारण मला ठाऊक आहे: जुना गॅस आगीवर गेला की विषारी होतो, हे तुम्ही शिकवले आहे. पण 'उघड्यावर घे, खड्ड्यावर नको' हे मी वहीत उतरवले आणि तिसरा रकाना रिकामा राहिला. तुमच्या हाताखाली सहा वर्षे झाली, असा रिकामा रकाना एकही नाही.

अडचण अशी आहे. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. वलवणच्या रस्त्यावरून पाणी वाहते आहे. गॅस सोडला की लगेच पाइप उघडावे लागतील, कारण तेल काढायचे आहे. उघड्यावर ताडपत्रीखाली केले तरी हवेतच इतके पाणी आहे की पाइपाच्या तोंडाशी थेंब जमतात. मी रिकाम्या पाइपावर करून पाहिले. म्हणजे तुमची पहिली शिकवण पाळायची तर गाडी आत, खड्ड्यावरच घ्यावी लागते, कारण आत दुसरी जागा नाही, आणि शेवटचे पत्र पाळायचे तर बाहेर. पहिलीचे कारण मला माहीत आहे, दुसरीचे माहीत नाही. खड्ड्यात ओल असते म्हणून तुम्ही नको म्हणता का? तसे असेल तर मी खड्डा पुसून, दिवा लावून दोन दिवस कोरडा केला आहे.

काल राहवले नाही म्हणून फिरोजभाऊंच्या फोनवर निरोप पाठवला: 'उस्तादांना विचारा, गाडी खड्ड्यावर का घ्यायची नाही?' तुमच्या घरी रेंज नाही, ते धरणाच्या रस्त्याला आल्यावर संध्याकाळी उत्तर आले: 'अब्बांनी वाचलं. पत्रात लिहितो म्हणतात.' मी मोटारसायकल काढून यायलाही निघालो होतो. तुम्ही येऊ नकोस म्हणून बजावले आहे, म्हणून परत फिरलो.

मावशींना सध्या भाड्याच्या टेम्पोत गादी टाकून नेतात. शुक्रवारी परत येताना कामशेतला त्यांची शुद्ध हरपली. आबांनी तोंडावर पाणी मारले. मला सांगताना आबा रडले नाहीत, पण टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

मंगळवारी तुमच्याकडे पोस्टमन येईल. तुमचे पत्र त्याच्याबरोबर निघाले तर गुरुवारी मला मिळेल. गुरुवारचे टपाल येईपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही.

तुमचा शिष्य,
अयान


वलवण
सोमवार, २१ जुलै

उस्तादजी,

कसे लिहावे ते कळत नाही. क्रमाने लिहितो.

गुरुवारी तुमचे पत्र आले नाही. आबा मावशींना घेऊन दारात आले. मावशींना आत खुर्चीवर बसवले, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. आबा म्हणाले, "उद्या पुन्यांदा टेम्पोत घालायची का हिला? आजच्या आज करून दे, न्हाईतर हाय तशी गाडी दे. काच पुशीत पुशीत नीन." मी गाडी आत घेतली. खड्ड्यावर घेतली. पावसाचे झोत येत होते म्हणून शटर अर्धे खाली ओढले.

गॅस हळूहळू सोडला, तेल वर येऊ नये म्हणून. नळीतून तेलाचे थेंब फरशीवर पडू नयेत म्हणून नळीचे टोक खाली खड्ड्यातल्या डब्यात सोडले. वास आला नाही. सोडत असताना जवळ विस्तव नव्हता. गेज शून्यावर आल्यावर मी घड्याळ लावून एक तास थांबलो. मधल्या वेळात पाइपांची तोंडे बंद केली, फडके वाळत घातले, मावशींना आणि आबांना कोपऱ्यावर चहाला पाठवले. त्यांना पाठवले हे एकच बरे झाले.

तासाने पट्टी जोडायला कैलासला हाक मारली. तो वेल्डिंगची टॉर्च घेऊन आला. म्हणाला, "वहीला इचारलंस का मास्तर, उतरू का खाली?" मी म्हणालो, "उतर."

त्याने खड्ड्यात उतरून टॉर्च पेटवली.

आवाज मोठा झाला नाही. कोणी गोधडी झटकावी तसा झाला. खड्डा कडेपर्यंत निळा दिसला आणि मग पिवळा. मी त्याला दंडाला धरून ओढले तेव्हा त्याच्या अंगातला सदरा माझ्या हातात आला.

तो पुण्याला मोठ्या दवाखान्यात आहे. चेहरा आणि दोन्ही हात. डोळ्यांना पट्टी आहे. डाव्या डोळ्याचे काही सांगत नाहीत. त्याची बायको सरूबाई वॉर्डाच्या दाराशी बसून आहे, माझ्याशी बोलत नाही. काल त्याला थोडी शुद्ध आली. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. म्हणाला, "मास्तर, वहीत लिवलंस का?"

उस्तादजी, तुम्ही लिहिले होते. खड्ड्यावर घेऊ नकोस, एवढे स्पष्ट लिहिले होते. मी ऐकले नाही. पोलिसांना मी तेच सांगितले: माझ्या उस्तादांनी बजावले होते, चूक माझी आहे. तुमच्या नावाला धक्का लागू देणार नाही.

पण ते पेटले कशाने, हे मला अजून कळत नाही. तुमच्या हातचा गॅस पेटायला नको होता. मी नळी तपासली, डबा तपासला, डब्यात आधीचे पेट्रोल होते का ते आठवून पाहिले. नव्हते. मी तो धुतला होता. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. माझ्या हातून नक्की काय झाले?

अयान


तुंग
सोमवार, २८ जुलै

अयान,

याच्याबरोबर आणखी एक पत्र आहे. ते आधी वाच. त्यावरची तारीख बघ. ते मी त्या दिवशीच लिहिले होते.

...

तुंग
सोमवार, १४ जुलै

बेटा अयान,

फोनवरच्या तुझ्या प्रश्नाचे उत्तर. त्या गाडीत चुलीचा गॅस आहे.

२००४ च्या मे महिन्यात जुना गॅस मिळेनासा झाला होता. बंगलेवाल्याकडे पाहुणे यायचे होते. त्याने दोनदा गाडी पाठवली आणि सोबतचा माणूस दुकानात बसवून ठेवला. मी घरातली गॅसची टाकी खांद्यावर घालून दुकानात आणली. शमीमची आई तेव्हा होती. तिला म्हणालो, शेगडी दुरुस्त करायची आहे. गाडी बर्फासारखी गार झाली. चुलीचा गॅस चांगला गार करतो, ही त्यातली वाईट गोष्ट. बंगलेवाल्याने मला मिठाई पाठवली.

एकदाच केले. पुढे आठ वर्षांनी फिरोजने तेच केले तेव्हा मी चार माणसांत त्याला बाहेर काढला. ओरडताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, म्हणून जास्त ओरडलो.

तुला वास येणार नाही. इतक्या वर्षांत ड्रायर वास पिऊन टाकतो. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. खाली बसतो, खड्ड्यात साचतो, तास दोन तास गेले तरी हलत नाही. म्हणून उघड्यावर, म्हणून उतारावर, म्हणून खड्ड्यावर नको. हे कारण. रकान्यात लिही.

फोनवर सांगता आले असते. फोन फिरोजचा आहे. पाटी हातात घेतली होती, तो समोर उभा होता.

फकरुद्दीन

...

हे पत्र मंगळवारी माझ्या खिशात होते. पोस्टमन आला, तुझे पत्र दिले, 'काही न्यायचंय का बाबा' म्हणाला. मी मान हलवली. नाही अशी हलवली. मग तुझे पत्र वाचले. गुरुवारच्या टपालापर्यंत हात लावणार नाही, असे तू लिहिले होतेस. मला वाटले, पत्र गेले नाही तर तू थांबशील. तू नेहमी थांबतोस. शुक्रवारी पोस्टमनकडे देऊ, असे मनाशी म्हणालो. शुक्रवारीही दिले नाही. तोपर्यंत कैलास दवाखान्यात होता आणि मला माहीतही नव्हते.

तू लिहितोस, माझ्या नावाला धक्का लागू देणार नाही. ते वाचून मी शमीमला ताट परत न्यायला सांगितले. दोन दिवस विचार केला: पोराने सगळे स्वतःवर घेतले आहे, कोणाला कळणार नाही, मी असा किती दिवस आहे? हाही विचार मी केला, तुला कळावे म्हणून लिहितो.

काल फिरोजला पाटीवर लिहून दाखवले. त्याने वाचले. हसला. म्हणाला, "मंग मला का हाकललंत, अब्बा?" पाटी भरलेली होती. पुसून उत्तर लिहायचे होते. पुसली. कोरीच भिंतीला टेकवून ठेवली.

ही दोन्ही पत्रे कैलासला वाचून दाखव. अंबाजी आबांना दाखव. पोलिसांना दे. त्या दिवशी तुझ्या हातून काही चुकले नाही. माझ्यावर विश्वास ठेवलास, तेवढेच.

फकरुद्दीन


वलवण
रविवार, १० ऑगस्ट

उस्तादजी,

पत्रे मिळाली. पोलिसांना दिली. त्यांनी नक्कल काढून ठेवली आणि 'हे म्हातारे आता कुठे असतात' एवढे विचारले. मी पत्ता दिला.

गेल्या रविवारी कैलासला वाचून दाखवली. त्याचा डावा डोळा गेला. उजव्याने उजेड आणि माणसाचा आकार कळतो, पुढे किती सुधारेल ते डॉक्टर सांगत नाहीत. उजव्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटून बरी झाली आहेत, ती पुन्हा सोडवावी लागणार. सरूबाई शेजारी उभी होती. मी सगळे वाचले, टाकीपासून पाटीपर्यंत.

कैलासने सरूबाईला उशी वर करायला सांगितली. मग म्हणाला, "ब्येस हाय. त्यो बोलू शकत न्हाई म्हून लिवतो. तू लिवल्यालं पायजे म्हून कुनाला बोलून इचारीत न्हाईस. आन् दोगांच्या मदी खड्ड्यात मी."

सरूबाई म्हणाली, "आवं, नका बोलू, ताण पडतो."

तो म्हणाला, "पडू दे. मास्तर, येक सांग. म्हातारा म्हनतो तू टपालापतुर थांबणार व्हतास. टपाल किती वाजता येतं आपल्याकडं?"

उस्तादजी, २१ तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. 'गुरुवारी तुमचे पत्र आले नाही' असे मी लिहिले. ते खोटे नाही. पण आबा आले तेव्हा साडेदहा वाजले होते. मी अकरा वाजता व्हॉल्व्ह उघडला. बारा वाजून गेल्यावर कैलासला हाक मारली. टपाल तीनला येते. तीन वाजता मी दवाखान्यात होतो. पोस्टमन शटरखालून विजेचे बिल सरकवून गेला, ते मला दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या कडेला सापडले.

मी थांबलो नाही. तुम्हाला लिहून कळवले होते, तरी थांबलो नाही. मावशी खुर्चीवर बसून धापा टाकत होत्या आणि आबा हातात टोपी घेऊन उभे होते, हे कारण मी स्वतःला देतो. पण खरे कारण आणखी एक होते. मला वाटले, उस्तादांचे काम आहे, यात धोका असूच शकत नाही. पत्र आले तरी त्यात ओलीचे काहीतरी असणार. आणि मला संध्याकाळी आबांना गार गाडी द्यायची होती. माझ्या एकट्याच्या हातची पहिली.

तुम्ही मंगळवारी पत्र दिले असते, तर ते गुरुवारी तीन वाजता आले असते. हे मी कैलासला सांगितले. वेळांसकट सांगितले. त्याने तोंड भिंतीकडे केले. त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो. आता तो मला मास्तर म्हणत नाही. अयान म्हणतो.

'तुझ्या हातून काही चुकले नाही' असे तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य मी कैलासला वाचले नव्हते. तेवढे एकच गाळले. का गाळले, ते आता तुम्हालाही कळले असेल.

कार्ल्याला गेलो होतो. आबांना पत्र दाखवायला नेले, त्यांनी हातात घेतले नाही. म्हणाले, "चष्मा न्हाई." चष्मा त्यांच्या खिशात होता. मावशी आत पडून होत्या. चेहरा सुजला आहे. त्यांनी डायलिसिसला जाणे बंद केले आहे. मी म्हणालो, मावशी, मी स्वतः गाडी घेऊन येतो, माझ्या ओळखीची मोठी गाडी आहे, पाय लांब करता येईल. त्या म्हणाल्या, "नगं बाळा. माझ्यापायी येका मानसाचा डोळा गेला. माझ्या गारव्यापायी. आता म्या कुनाच्या गाडीत बसायची न्हाई." मी आबांकडे पाहिले. आबा म्हणाले, "म्या सांगून थकलो. पाया पडलो तिच्या. न्हाई म्हनती." डॉक्टरांनी आबांना किती दिवस सांगितले आहेत ते मी विचारले नाही. अंगणात बसलेली माणसे बघून कळले.

निघताना मावशींनी विचारले, "झाली असती का रं गार?"

मी म्हणालो, "झाली असती."

वहीत तुमच्या त्या ओळीपुढचा रकाना मी भरला. 'गॅस जड असतो, खड्ड्यात साचतो' एवढेच लिहिले. तुमचे नाव लिहिले नाही आणि माझेही नाही. त्यानंतर वहीत काही लिहिलेले नाही. गॅरेजची किल्ली फिरोजभाऊंकडे पाठवतो आहे. ते गाडीला हात लावण्याआधी निदान स्वतः तपासतील, वही बघणार नाहीत.

कॉन्टेसा खालून जळली आहे, सीट शाबूत आहे. आबा ती न्यायला येत नाहीत. खड्डा बुजवायचा म्हणून परवा आम्ही चौघांनी ती ढकलत बाहेर काढली. पाऊस पडतोच आहे. आता ती उघड्यावर आहे, उतारावर, तुम्ही लिहिले होते तशी. चाकाखाली मी दगड लावला आहे.

अयान